भटारखान्यातला हुनर आणि मॅनेजरची खुर्ची: हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणात नेमकं काय असतं?

मुंबईत आपल्या समाजातल्या कुठल्याही खानदानात बघा, हॉटेल लाइनशी जोडलेला कुणी ना कुणी सापडतोच. कुणाचे चाचा भेंडीबाजारात तंदूर सांभाळतात, कुणाचे मामू लग्नाच्या देगा लावतात, कुणाचा भाऊ दुबईत वेटर आहे, कुणाची खाला रमजानमध्ये घरून समोसे पुरवते. हुनर भरपूर आहे. पण त्याच धंद्यात मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरच्या खुर्चीवर आपली किती मुलं-मुली बसलेली दिसतात? प्रत्येकाने आपल्या ओळखीतली नावं बोटांवर मोजून बघावीत.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बारावीच्या निकालानंतर जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील सल्ला विचारायला येतात. हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढलं की एक सवाल हमखास येतो, "मॅडम, बावर्चीच व्हायचं तर कॉलेज कशाला? आमच्या चाचांच्या भटारखान्यात घालतो की!" हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात रोजगाराचा एक रस्ता तयार असताना तीन-चार वर्षं आणि लाखांत पैसे का घालायचे, हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

थोडक्यात उत्तर असं, की भटारखाना हात घडवतो. मॅनेजर व्हायला हिशोब, कायदा, भाषा आणि माणसं सांभाळण्याची तालीम लागते. ही तालीम दादरला मिळते, सीएसएमटीसमोर मिळते, म्हणजे आपल्या दारातच मिळते. बहुतेक वेळा अडतं ते वेळेवर चौकशी न केल्यामुळे.

गिरण्या गेल्या, हॉटेलं आली

१६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झालं. त्या काळात सामान्य मुंबईकराचं बाहेरचं जेवण म्हणजे खानावळ, इराण्याचा कॅफे किंवा मोहल्ल्यातलं हॉटेल. लालबाग-परळच्या चाळींमधून हजारो बायका गिरणी कामगारांना जेवण घालून घर चालवायच्या. या खानावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चव त्यांच्या हाताला आधीपासून होतीच. धंदा वाढवायचा तर हिशोब आणि भांडवलही लागतं, हे या मंडळाने करून दाखवलं.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे गिरणगावाचा चेहराच बदलला. मदनपुऱ्याच्या मोमीन विणकरांपासून लालबागच्या कोकणी कामगारांपर्यंत सगळ्यांचा कापडाचा आधार सुटत गेला. आज लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आणि सेंट रेजिस हॉटेल आहे. परळला आंबेडकर रोडवर आयटीसी ग्रँड सेंट्रल आहे, वरळीला फोर सीझन्स आहे. ज्या रस्त्यावरून आजोबा पाळीला जायचे, त्याच रस्त्यावर आता नातवंडांसाठी नोकऱ्या आहेत. फरक एवढाच, की गिरणीत ओळखीने चिकटता यायचं. इथे वरच्या जागांसाठी अर्जासोबत डिग्री मागतात.

दादरचं कॅटरिंग कॉलेज

दादर पश्चिमेला वीर सावरकर मार्गावर एक सरकारी संस्था आहे. तिचं पूर्ण नाव इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड न्यूट्रिशन. जुने दादरकर तिला 'कॅटरिंग कॉलेज' म्हणतात, विद्यार्थी 'आयएचएम' म्हणतात. देशातलं या विषयाचं हे पहिलं कॉलेज. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलने अंधेरीच्या भवन्स कॉलेजात ते सुरू केलं. दादरला ते नंतर आलं.

हे कॉलेज पंचतारांकित हॉटेलांच्या गरजेतून निघालेलं नाही. स्वातंत्र्यानंतर देशात धान्याचा तुटवडा होता, रेशन होतं. कमी धान्यात पोषक जेवण मोठ्या संख्येने कसं बनवायचं, कँटीन आणि वसतिगृहं कशी चालवायची, हे शिकलेली माणसं हवी होती. म्हणून नावात 'न्यूट्रिशन' म्हणजे पोषण आहे, आणि म्हणूनच बरीच वर्षं या संस्था अन्न खात्याखाली होत्या. १९८२ मध्ये त्या पर्यटन खात्याकडे गेल्या आणि अभ्यासक्रम, परीक्षा बघायला नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंट ही संस्था स्थापन झाली. आज अशा २१ केंद्रीय संस्था देशभर आहेत.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे बार आणि टाय घातलेला वेटर, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसलेली आहे. या शिक्षणाची सुरुवात मात्र शंभर-दोनशे माणसांना स्वच्छ, पोटभर, परवडणारं जेवण कसं द्यायचं या प्रश्नातून झाली. लंगर, दस्तरखान, हाजींचा मुसाफिरखाना चालवणाऱ्या समाजाला हा प्रश्न नवा नाही.

शिकवतात तरी काय?

अभ्यासाचे चार मोठे भाग असतात.

पहिला, फूड प्रॉडक्शन, म्हणजे भटारखाना. इथे देशी-परदेशी स्वयंपाक, बेकरी, मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक शिकवतात.

दुसरा, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस. टेबल मांडणं, ऑर्डर घेणं, बँक्वेट म्हणजे मोठ्या दावती सांभाळणं, पेयांची माहिती.

तिसरा, फ्रंट ऑफिस. खोल्यांचं बुकिंग, पाहुण्यांचं स्वागत, बिल, तक्रारी.

चौथा, हाउसकीपिंग. खोल्या, चादरी, लाँड्री, स्वच्छता, आणि हे सगळं करणाऱ्या माणसांच्या पाळ्या लावणं.

याशिवाय अकाउंट्स, पोषणशास्त्र, अन्नसुरक्षा, कायदा, कॉम्प्युटर, इंग्रजी संभाषण, मार्केटिंग आणि माणसांचं व्यवस्थापन हे विषय असतात. साधारण एक सेमिस्टर प्रत्यक्ष हॉटेलात काढावं लागतं. तिथे प्रत्येक खात्यात काही आठवडे काम करायचं असतं. भांडी, बटाटे, बेडशीट, काहीच सुटत नाही. ज्याने स्वतः खोली लावलेली नाही, त्याला खोली लावणाऱ्याला किती वेळ लागतो हे कळत नाही.

अंदाज आणि हिशोब

भटारखान्यात आणि कॉलेजात फरक काय, तो एका देगेच्या हिशोबाने सांगते. आकडे फक्त समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, एका देगेला गोश्त, चावल, तेल, मसाला, गॅस धरून ९,००० रुपये लागले. वस्तादांच्या अंदाजाने त्यातून १०० प्लेट निघायला हव्यात. म्हणजे प्लेटमागे ९० रुपये. प्लेट २५० रुपयांना विकली तर विक्रीतले ३६ टक्के मालात गेले. ठीक आहे. पण वाढणाऱ्याने हात सैल सोडला आणि ८५ प्लेटच निघाल्या, तर प्लेटचा खर्च जवळजवळ १०६ रुपये होतो, म्हणजे ४२ टक्क्यांच्या वर. १५ प्लेट कमी निघाल्या म्हणजे ३,७५० रुपयांची विक्री गेली. महिन्याला अशा २० देगा असतील तर ७५,००० रुपये. एका पगारदार माणसाचे पैसे वाढपाच्या पळीतून गेले, आणि बिर्याणी अव्वल होती म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कॉलेजात हे रोज शिकवतात. पाककृती वजनात लिहायची. कच्च्या गोश्तातून हाड-चरबी काढल्यावर किती उरलं ते मोजायचं. प्लेटचं वजन ठरवायचं. स्टोअरमध्ये आधी आलेला माल आधी वापरायचा. रात्री उरलेलं किती, फेकलेलं किती, ते लिहून ठेवायचं. वस्तादांच्या हाताची चव त्यामुळे जात नाही. उलट वस्ताद सुट्टीवर असले तरी तीच चव गिऱ्हाइकाला मिळते, आणि मालक दुसरी शाखा काढायची हिंमत करू शकतो.

खोल्यांचाही असाच हिशोब असतो. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दुप्पट भावाने विकून भरपाई होत नाही, ती रात्र गेलीच. १०० खोल्यांच्या हॉटेलात ७० खोल्या ६,००० रुपयांनी गेल्या तर एकूण ४ लाख २० हजार आले, म्हणजे हॉटेलातल्या प्रत्येक खोलीमागे ४,२०० रुपये. भाव थोडा उतरवून ९० खोल्या भरायच्या की ७० वरच थांबायचं, हे ठरवणाऱ्याला रेव्हेन्यू मॅनेजर म्हणतात. तिथे पोचायला साधं गणित आणि कॉम्प्युटर लागतो, जो कॉमर्सच्या मुलांना सहज जमतो.

तिसरी गोष्ट अन्नसुरक्षेची. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने परवान्यापासून स्वच्छतेपर्यंत सगळ्याची जबाबदारी धंदा चालवणाऱ्यावर टाकलेली आहे. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात तासन्‌तास राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. दुपारची देग संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची आपल्याकडची सवय इथेच नडते. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा, असं एफएसएसएआयचं धोरण आहे आणि त्यासाठी 'फॉस्टॅक' नावाचं छोटं प्रशिक्षण मिळतं. ज्यांचं स्वतःचं हॉटेल किंवा केटरिंग आहे, त्यांनी घरातल्या एकाला तरी ते द्यावंच.

कुणी म्हणेल, कॉलेजात न जाता मोठे झालेले लोक आहेतच की. बरोबर आहे. लखनौच्या बावर्ची घराण्यातले इम्तियाज कुरेशी लहानपणापासून भटारखान्यातच घडले. आयटीसीच्या हॉटेलांत त्यांनी दम पुख्तला नाव मिळवून दिलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. असे वस्ताद एखादेच असतात. आपण बोलतोय ते सर्वसाधारण मुलांबद्दल, ज्यांना दहा वर्षांनी हेल्परचा कुक होण्यापेक्षा पुढे जायचं आहे.

रस्ता पहिला: बारावीनंतर डिग्री

दादरच्या आयएचएममध्ये बी.एस्सी. इन हॉस्पिटॅलिटी अँड हॉटेल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही तीन वर्षांची डिग्री आहे. डिग्री जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठल्याही शाखेतून बारावी चालते, मात्र बारावीला इंग्रजी विषय असला पाहिजे. प्रवेश एनसीएचएम-जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. ती एनटीए घेते. त्यात इंग्रजी, तर्क, अंकगणित, सामान्य ज्ञान आणि सेवाक्षेत्राकडे कल आहे का हे तपासणारे प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो, पण सर्वात जास्त वजन इंग्रजीलाच आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासून रोज अर्धा तास इंग्रजी वाचनाला दिला तर हा डोंगर चढता येतो. आणि एक लक्षात ठेवा, फॉर्म बारावीच्या निकालाच्या आधीच भरून होतात. जूनमध्ये चौकशीला गेलात तर ते वर्ष गेलेलं असतं.

दुसरा पर्याय राज्याचा. बीएचएमसीटी ही चार वर्षांची डिग्री, तिचा प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतो. सीएसएमटीसमोर अंजुमन-ए-इस्लामच्या आवारात हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज आहे. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी स्थापन केलेली ही संस्था आपल्या सगळ्यांना शाळेच्या नावाने माहीत आहे, पण तिथे हा विषयही शिकवतात हे बऱ्याच घरांना ठाऊक नसतं. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत समाजासाठी वेगळा कोटा असतो, त्याची चौकशी जरूर करावी. वांद्र्याला रिझवी कॉलेज आहे, तिथे हॉस्पिटॅलिटी स्टडीजचा अभ्यासक्रम मिळतो. भुलाभाई देसाई रोडवर सोफिया पॉलिटेक्निकमध्ये मुलींसाठी हॉस्पिटॅलिटीचा अभ्यासक्रम आहे. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर पुण्याला शिवाजीनगरमध्ये राज्य सरकारची स्वतःची हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे.

रस्ता दुसरा: डिग्री जमत नसेल तर

प्रत्येक घराला तीन-चार वर्षं थांबणं परवडत नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, बेकर अँड कन्फेक्शनर, हाउसकीपर असे ट्रेड असतात. फी कमी असते, आणि त्यानंतर हॉटेलात अ‍ॅप्रेंटिस म्हणून स्टायपेंड घेत शिकता येतं. कुठल्या आयटीआयमध्ये कुठला ट्रेड आहे ते दरवर्षी प्रवेशाच्या पोर्टलवर बघून घ्यावं. आयएचएममध्येही डिग्रीशिवाय सहा महिने ते दीड वर्षाचे क्राफ्ट आणि डिप्लोमा कोर्स असतात.

पर्यटन मंत्रालयाची 'हुनर से रोजगार तक' ही योजना २००९-१० मध्ये सुरू झाली. किमान आठवी पास तरुणांना काही आठवड्यांत स्वयंपाक, सर्व्हिस, हाउसकीपिंगचं मोफत प्रशिक्षण देणारी ही योजना आहे. आयएचएममध्ये जाऊन सध्या बॅच आहे का, एवढं विचारायला काय लागतं?

आणि जे आधीच दहा-पंधरा वर्षं काम करत आहेत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' आहे, म्हणजे येत असलेल्या हुनरची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आहे. पर्यटन-हॉटेल क्षेत्रासाठी टुरिझम अँड हॉस्पिटॅलिटी स्किल कौन्सिल हे काम बघते. चाचांच्या हातात असा कागद आला तर परदेशी मालकाशी किंवा इथल्या मोठ्या केटररशी पगाराची बोलणी करताना त्यांची बाजू वजनदार होते.

फी कुठून आणायची?

सरकारी संस्थेतली फीसुद्धा साध्या बी.ए., बी.कॉम.च्या मानाने बरीच जास्त असते. युनिफॉर्म, चाकूंचा सेट, बूट, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. म्हणून कागदपत्रं आधी तयार ठेवावीत.

केंद्रीय संस्थांत ओबीसींसाठी २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणजे ईडब्ल्यूएस गटासाठी १० टक्के जागा राखीव असतात. मोमीन, पिंजारी अशा आपल्या काही बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी असते, आणि केंद्रीय संस्थेला नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुलं काउन्सेलिंगला अडकतात. ज्या बिरादऱ्या कुठल्याच यादीत नाहीत आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. 'हे आपल्यासाठी नसतं' असं समजून कित्येक घरं अर्जच करत नाहीत.

राज्य सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देतं. रक्कम आणि अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचा नियम बघूनच अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार आणि बँक खातं यांवरचं नाव सारखं आहे ना, हे बारावीच्या आधीच तपासा. 'शेख' एका ठिकाणी आणि 'शैख' दुसऱ्या ठिकाणी, एवढ्यावरून अर्ज अडकू शकतो.

हलाल-हरामचा सवाल

आपल्या घरात फीपेक्षा हा सवाल मोठा असतो, आणि तो टाळून चालणार नाही. डिग्रीच्या अभ्यासक्रमात पेयांचा भाग आहे, त्यात मद्याची माहिती येते. पाश्चात्त्य स्वयंपाकात निषिद्ध गोश्तही येतं. माहिती वाचणं, हाताळणं, वाढणं, विकणं आणि स्वतः घेणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यातलं काय चालतं आणि काय नाही, हे ज्यांच्यावर तुमचा भरोसा आहे त्या आलिमांना विचारा. मी शिक्षिका आहे, फतवा देणं माझं काम नाही. मी एवढंच सांगू शकते की दाखल होण्याआधी कॉलेजात जाऊन मोकळेपणाने विचारा: प्रॅक्टिकलमध्ये काय करावं लागतं, चाखणं सक्तीचं आहे का, ट्रेनिंगला खातं निवडता येतं का?

डिग्रीनंतर या क्षेत्रात दारूशी संबंध नसलेली कामं भरपूर आहेत. हाउसकीपिंग, बेकरी, रेव्हेन्यू, अकाउंट्स, एचआर ही हॉटेलातलीच खाती आहेत. हॉटेलाबाहेर हॉस्पिटलं आहेत. चर्नी रोडचं सैफी, परळचं केईएम आणि टाटा, अशा प्रत्येक ठिकाणी रोज शेकडो माणसांचं जेवण, चादरी, स्वच्छता सांभाळावी लागते. शाळा आणि कंपन्यांची कँटीन आहेत. हज हाउस आणि साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या जागा आहेत. हज-उमराचे टूर नेणाऱ्यांना राहण्या-जेवणाची व्यवस्था जाणणारी माणसं लागतात. मक्का-मदिन्याच्या मोठमोठ्या हॉटेलांत दारू नसतेच. तिथे आता स्थानिकांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाकडे डिग्री, इंग्रजी आणि थोडी अरबी असेल तरच वरची जागा मिळण्याची आशा.

मुलींना पाठवायचं का?

मुली या अभ्यासात मागे नाहीत. प्रश्न असतो रात्रपाळीचा आणि पोशाखाचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षा आणि घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. ट्रेनिंगला पाठवताना ही समिती आहे का, हे आईवडिलांनी विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हिजाबबद्दल हॉटेलागणिक नियम वेगळे असतात, म्हणून मुलाखतीतच स्पष्ट विचारून घ्यावं.

फसवणूक कशी ओळखायची?

गल्लोगल्ली 'हॉटेल मॅनेजमेंट, १०० टक्के जॉब, परदेशी प्लेसमेंट' असे बोर्ड लागलेले असतात. पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचारा.

१. डिग्री किंवा डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा किंवा बोर्डाचा? त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव आहे का?

२. भटारखाना दाखवा म्हणा. किती शेगड्या, किती मुलं, आठवड्याला किती तास प्रॅक्टिकल?

३. गेल्या वर्षीची मुलं ट्रेनिंगला कुठल्या हॉटेलात गेली? त्यातल्या दोघांशी बोलता येईल का?

४. पूर्ण फी किती? युनिफॉर्म, परीक्षा, 'प्लेसमेंट चार्ज' धरून लेखी द्या.

५. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का?

परदेशी नोकरीचा एजंट असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. पासपोर्ट ठेवून घेणारा आणि पावती न देणारा एजंट, दोघांपासून लांब राहा.

गोड गोड चित्र नको

शेवटी एक खरी गोष्ट. डिग्री हातात आली की पहिल्याच दिवशी मॅनेजरची खुर्ची मिळत नाही. बहुतेक मुलं ट्रेनी म्हणून लागतात. दहा-दहा तास उभं राहावं लागतं. पहिला पगार बघून घरात चेहरे पडतात. ईदच्या दिवशी ड्यूटी लागते, कारण लोक सणालाच हॉटेलात येतात. पहिल्या दोन वर्षांतच कित्येक मुलं हे क्षेत्र सोडतात. जे टिकतात, ते सुपरवायझर, असिस्टंट मॅनेजर, खात्याचे मॅनेजर असे एकेक पायरी चढतात. डिग्री नसलेल्या हुशार मुलाची गाडी मात्र बहुतेक वेळा सुपरवायझरच्या पायरीवर येऊन थांबते. या शिक्षणाची किंमत मोजताना पहिला पगार बघू नका, आठव्या-दहाव्या वर्षी मूल कुठे असेल ते बघा.

म्हणून मुलाला हे आवडतं का, हे आधी तपासा. अकरावीच्या सुट्टीत चाचांच्याच हॉटेलात त्याला एक महिना उभं करा. गल्ल्यावर बसवू नका. भाजी निवडण्यापासून टेबल पुसण्यापर्यंत सगळं करू द्या, आणि रोज रात्री किती माल आला, किती विकला, किती वाया गेला, ते वहीत लिहायला सांगा. महिनाभराने त्याची वही बघा. आकडे लिहिताना त्याला मजा आली असेल, गिऱ्हाइकाशी बोलताना तो खुलला असेल, तर त्या वहीसकट त्याला घेऊन दादरच्या किंवा अंजुमनच्या कॉलेजात चौकशीला जा. आणि हे बारावीच्या निकालानंतर नको, अकरावीतच करा.